फक्की

रविवारी सहाला
फक्कीची गोणी सायकलच्या कॅरिअरला बांधून
मी खडकी बाजारातून मैदानाकडे निघतो.
मागे पांढरी बारीक रेघ पडत जाते.
गोणीला भोक आहे. असू दे.

तीन वर्षं ही गोणी लागलीच नाही.
तीन वर्षं आपण ‘निमव्यावसायिक’ होतो.
वेलूने तो शब्द पेपरातून कापून
हजेरीच्या वहीवर डकवला होता.
निम म्हणजे अर्धं,
हे तेव्हा कुणी बोललं नाही.

छातीवर बिल्डरचं नाव, पाठीवर पोरांचं
(बिल्डरचं मोठं).
बालेवाडीला जायला एसी बस,
गोव्याचा कोच, बर्फाची पेटी, मोजून केळी,
आणि महिन्याला सात हजार, चेकने.
पहिल्या चेकची झेरॉक्स
अवघड्यांच्या कुणालच्या आईने
कपाटात साडीखाली ठेवलीय म्हणे, अजून.
तिथे गवत प्लॅस्टिकचं, रेघा कायमच्या.
मला बिल्ला मिळाला, ‘ग्राउंड मॅनेजर’.
मी कडेला उभा राहून रेघांकडे बघायचो.
पुसल्याच जात नव्हत्या त्या.

मग टॉवरचं काम थांबलं.
मग चेक.
मग बस नेमकी मॅचच्या दिवशी बिघडायला लागली.
चुना लावून गेला, रमजान म्हणाला.
म्हटलं, चुना लावायचं काम माझं,
त्याला रेघ तरी सरळ आली असती का?

सभा कारखान्याच्या कॅन्टीनमागे झाली.
अँसलम सरांनी ठराव वाचला:
क्लब पुढच्या मोसमात वस्ती लीगमध्ये
‘परत’ जाईल की ‘खाली’ जाईल,
यावर पाऊण तास.
वेलू म्हणाला, खाली लिहा, खोटं कशाला.
मेरीबाई किटली घेऊन उभी होती. म्हणाली,
काय ते लिहा, पण कप मोजून द्या,
मागच्या सभेचे चार आले नाहीत.
शेवटी दोन्ही शब्द खोडले.
हात वर झाले. मी एकोणीस मोजले.
एक बहुतेक डास मारायला वर गेलेला,
तोही धरला.

आता मैदानाच्या पोटात क्रिकेटचं पिच, टणक,
कॉर्नरला शेळ्या,
आणि पेनल्टी बॉक्समध्ये
एक बाप मुलीला स्कूटी शिकवतोय.
मारा ताई अजून दोन चकरा, मग मी आखतो.

पावलं मोजत जातो.
अठरा यार्ड म्हणजे माझी वीस पावलं, असायची.
आता तेवीस लागतात.
जर्सी त्याच. सुभद्राने छातीवरच्या नावावर
काळी पट्टी शिवून दिलीय.
घाम आला की खालून बिल्डर दिसतो.

समोर पोस्टाची टीम.
त्यांचा स्टॉपर परवाच माझ्या दारात
रजिस्टर पत्रावर सही घेऊन गेला.
आपले दहाच. सव्वासात. साडेसात.
रेफरीने शिट्टी तोंडात धरली
तेवढ्यात लिंबाखाली बाइक लागली.
कुणाल अवघडे.
गोव्याच्या क्लबाने दोन गुडघ्यांवर नेलेला,
एकावर परत पाठवलेला.
काही बोलला नाही. चपला काढल्या.
कीपर कोण आहे, एवढंच विचारलं.
कुणी नव्हतं.
जन्मभर गोल मारणारा पोरगा
गोलात जाऊन उभा राहिला, अनवाणी.

पहिल्या पंधरा मिनिटांत तीन खाल्ले.
चौथा त्याने अंगावर घेतला, रेघेवरच,
आडवा पडून, घसरत.
उठला तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत
डावी बाजू पांढरी.

गेला, आत गेला, पोस्टवाले ओरडत होते.
नाही गेला, आपले दहा.
शेळ्यासुद्धा वळून बघायला लागल्या.
रेफरी खाली वाकला, माती न्याहाळली,
मग माझ्याकडे वळला:
काका, इथली रेघ कुठेय?

मी कुणालच्या बाहीकडे बोट दाखवलं.